खाडीतला शेंगाळा : गरीपासून टोपापर्यंत

शेंगाळ्याला बाजारात मान नाही. सुरमई-पापलेटच्या पाट्यांवर झुंबड असते आणि हा कोपऱ्यात मिशा पसरून पडलेला. खाडीकाठी गरीने, म्हणजे गळाने, मासे धरणाऱ्याचं मात्र यानेच बरंचसं भागतं. कुठे त्याला शिंगाळा म्हणतात, मालवणीत शेंगाळो, लहान असला की शेंगटी. खवले नाहीत, अंग बुळबुळीत, तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या आणि तीन काटे : एक पाठीवर, दोन कल्ल्यांमागे. त्याला गरीवर आणायचं ते मिशांमुळे साधतं, आणि गरीवरून उतरवताना फजिती होते ती काट्यांमुळे. खालची पद्धत माझी आहे, रत्नागिरीच्या आसपासच्या खाड्यांमध्ये वापरून बसलेली. आमिष आणि शिसं जागेप्रमाणे थोडं बदलावं लागेल.

आधी पाणी. खाडीच्या गढूळ तळाशी शेंगाळ्याला डोळ्यांचा फारसा उपयोग नसतो. तो नाकपुड्यांनी वास आणि मिशांनी चव घेत येतो. तो वास त्याच्यापर्यंत पोचवतं वाहतं पाणी. पाणी थांबलेलं असेल तर आमिष जागच्या जागी कुजत राहतं. पाणी धावत असेल तर शिसं लोळत जातं आणि वासाची रेघ तुटते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेचं ऐन उधाण आणि अष्टमीचा भांग (सर्वांत कमी भरती-ओहोटी) हे दोन्ही मी टाळतो. माझे दिवस म्हणजे वद्य दशमी ते त्रयोदशी. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते, हे हिशेब घरोघरी माहीत आहेत : दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. म्हणजे काळोख पडल्यावर भरती, चंद्र उशिरा, आणि पाण्याची ओढ बेताची. वेळ अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते, आणि खाडीच्या मुखापासून जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. भरतीचे शेवटचे दोन तास आणि सुकती (ओहोटी) लागल्यावरचा पहिला दीड तास, एवढंच खरं काम. बाकी वेळ चहा प्या.

जागा निवडताना ओहोटीला एक फेरी मारून यावी. भरतीत जे दिसत नाही ते सगळं तेव्हा उघडं पडतं : चिखलाची पुळी (उघडा पडणारा सपाट पट्टा) कुठे संपते, खोल पाण्याची वाट कुठून जाते, लहान पऱ्या (ओढा) मोठ्या खाडीला कुठे मिळतो, कालवं चिकटलेले खडक कुठे आहेत. मी पऱ्याच्या तोंडाशी बसतो, नाहीतर जेटीच्या ज्या बाजूला मासे साफ करून घाण टाकतात तिथे. पुलाच्या खांबाशी मासा असतो, पण कालवांची धार तंगूस (गरीचा नायलॉनचा दोरा) ब्लेडसारखा कापते. तेव्हा खांबापासून दहा-बारा हात दूरच.

आणि फार लांब फेकू नका. हा दोष जवळजवळ सगळ्यांचा. नवीन रॉड हातात आला की साठ मीटर टाकल्याशिवाय चैन पडत नाही. भरतीचं पाणी नव्याने चिखलावर चढतं तेव्हा शेंगाळा त्याच्या कडेने किडे आणि छोटे खेकडे शोधत अगदी काठाजवळ येतो. सुरुवातीला खोल वाटेत टाका, पाणी चढेल तसं अंतर कमी करत पंधरा-वीस मीटरवर आणा.

आता जुळणी. मुख्य तंगूस ०.४५ मिलिमीटर. त्यावर मधोमध भोक असलेलं शिसं सुटं सरकेल असं ओवायचं, मग एक प्लास्टिकचा मणी, मग स्विव्हल (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी). स्विव्हलच्या दुसऱ्या टोकाला ०.६० मिलिमीटरचा ४० सेंटिमीटर तुकडा आणि त्याला गरी. तुकडा जाड लागतो, कारण शेंगाळ्याचे दात टोकदार नसले तरी कानशीसारखे खरखरीत असतात आणि ओढताना बारीक तंगूस झिजवतात. मणी नसेल तर शिसं गाठीवर आपटून गाठ कमकुवत करतं. शिसं सुटं ठेवायचं कारण असं, की मासा आमिष उचलून चालू लागला की त्याला वजन जाणवू नये. वजन ६० ते १०० ग्रॅम, ओढीप्रमाणे. आकार चपटा. टोकदार शिसं चिखलात रुततं आणि काढताना तळाची घाण गोळा करून येतं. खडकाळ जागी शिसं ०.३० च्या वेगळ्या तुकड्यावर लोंबतं ठेवतो. अडकलं तर तेवढंच तुटतं, गरी आणि मासा परत येतात.

गाठ बांधताना पाच-सहा वेढे द्या आणि आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने तापते, तंगूस तिथेच दुबळा होतो आणि नेमका मोठ्या माशाला दगा देतो. गरी १/० ते ३/० मापाची, टोक आत वळलेली गोल गरी असेल तर उत्तम. रीलचा ब्रेक दोऱ्याच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे या तंगूसाला साधारण तीन किलोवर लावावा. वजनाचा झुलता काटा दोऱ्याला अडकवून ओढून बघितलं की अंदाज येतो. रॉड नसेल तरी अडत नाही. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला पन्नास मीटर तंगूस आणि तर्जनीवर धरलेला दोरा, एवढ्यावर खाडीत भरपूर शेंगाळे निघतात. फक्त दोरा बोटाला गुंडाळून ठेवू नका.

आमिषात माझं पहिलं मत तारलीला. ही छोटी मासळी तेलकट, म्हणून वास दूर जातो. पण ताजी तारली मऊ पडते आणि फेकताना गरीवरून उडते. म्हणून खारवून घ्यायची. एक किलो तारलीचे तीन-तीन तुकडे, १५० ग्रॅम खडं मीठ, एक थर माशाचा, एक मिठाचा, डबा थोडा तिरका ठेवून रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. सकाळी सुटलेलं पाणी ओतून टाकायचं. तुकडे चिवट झालेले असतात. दहा-बारा तुकड्यांच्या पिशव्या करून बर्फाच्या कप्प्यात टाकल्या की महिनाभर बघायला नको. डोकं आणि पोटाचा तुकडा सर्वांत चांगला, शेपटीकडचा कडक भाग किरकोळ मासे टोचायला लागले की वापरायचा. तुकडा गरीत दोनदा ओवून शिवणाच्या दोऱ्याने चार वेढे द्यावेत. गरीचं टोक मात्र उघडं राहिलंच पाहिजे. आमिषात लपलेलं टोक शेंगाळ्याच्या हाडकुळ्या जबड्यात शिरत नाही, आणि मग माणूस म्हणतो मासा चलाख आहे.

दुसरा पर्याय कोळंबी, सालासकट. सोललेली दोन मिनिटांत जाते. कोंबडीची आतडी चालतात, पण हाताचा वास दुसऱ्या दिवशीही जात नाही. पहिल्या पावसानंतर खाडीत लाल पाणी उतरतं तेव्हा काडूचा (गांडुळांचा) गुच्छ या सगळ्यांना मागे टाकतो, कारण त्या पाण्याबरोबर जमिनीवरून तेच वाहून येत असतात.

मासा जागेवर धरून ठेवायला भाताचा कोंडा एक किलो, ठेचलेली तारलीची डोकी अर्धा किलो आणि गोळा बांधण्यापुरता खाडीचा चिखल. संत्र्याएवढे गोळे. सुरुवातीला चार, ओढीच्या वरच्या अंगाला, मग अर्ध्या तासाने एकेक. जास्त टाकले तर मासा त्यावरच पोट भरतो.

टाकून झालं की दोरा हलकासा ताणून घंटी लावायची आणि बसायचं. वीस मिनिटांनी आमिष बघायचं. रिकामी गरी कशी आली त्यावरून खाली कोण आहे ते कळतं. आमिष कुरतडून झिरमिळ्या राहिल्या असतील तर खेकडे. गरीपासून चार बोटांवर जुन्या रबरी चपलेच्या तळव्याचा करंगळीच्या पेराएवढा तुकडा ओवा, आमिष तळापासून वर तरंगतं आणि खेकड्याच्या नांगीला लागत नाही. शेंगाळ्याच्या मिशांना ते सहज सापडतं. गरीच गायब होऊन तंगूस सुरीने कापल्यासारखा आला तर केंड, म्हणजे फुगणारा मासा. त्याच्या दातांपुढे ०.६० चा तंगूसही टिकत नाही, जागा बदला किंवा अंधार पडू द्या. आमिष जसंच्या तसं पण पांढरं, धुतलेलं आलं तर वास संपलाय, नवीन लावा. हे आळसाने राहून जातं.

शेंगाळ्याची ओढ ओळखू येते. आधी टक, टक, मग थोडी शांतता, मग दोरा एका दिशेने सरळ चालू लागतो. पहिल्या टकटकीला झटका दिलात तर आमिष त्याच्या तोंडातून ओढून काढता. गोल गरी असेल तर झटका द्यायचाच नाही. दोरा चालू लागला की शांतपणे गुंडाळत ताण वाढवा, गरी ओठाच्या कोपऱ्यात स्वतः बसते. साधी गरी असेल तर दोरा हातभर गेल्यावर एकच बेताचा झटका. उशीर केलात तर तो गरी गिळतो. गिळलेली गरी ओढत बसू नये, दोरा तोंडाशी कापावा.

मासा काठाशी आला की तंगूसाला धरून उचलू नका, जाळीने घ्या. बाहेर आल्यावर तो गुरगुरल्यासारखा आवाज करतो आणि तिन्ही काटे ताठ करतो. ते काटे मुळाशी अडकून बसतात, दाबून मिटत नाहीत. त्यांना मागे वळलेल्या दातऱ्या असतात आणि वरच्या पातळ कातडीत विष. ओलं गोणपाट माशावर टाकायचं, तो पोटावर असताना वरून दाबून धरायचं, आणि कटर पक्कडीने आधी पाठीचा काटा, मग बाजूचे दोन मुळाशी कापायचे. गरी त्यानंतर, लांब चिमट्याने. सोडायचा असेल तर काटे न कापता पाण्यातच गरी काढा. कापलेले काटे झाकणाच्या बाटलीत भरून घरी न्यावेत. पुळीत टाकलेला काटा उद्या कालवं काढायला अनवाणी येणाऱ्या बाईच्या पायात जातो.

काटा लागलाच तर चुना-हळदीत वेळ घालवू नका. हे विष उष्णतेने निकामी होतं. मी थर्मासमध्ये उकळतं पाणी नेतो ते याचसाठी. जखम धुऊन, साध्या पाण्यात ते मिसळून सोसेल इतकं गरम करा, साधारण ४५ अंश, आणि भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, गार होईल तसं बदलत. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, न लागलेल्या हाताने बघा, कारण दुखरा हात फसवतो आणि भाजून निघतो. तुकडा आत मोडला असेल किंवा सांध्याजवळ लागला असेल तर डॉक्टरकडेच, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर तेही.

तोंडात बोरांसारखे गोळे दिसले तर तो अंडी सांभाळणारा नर. या जातीत नरच अंडी आणि पिल्लं तोंडात वागवतो आणि त्या काळात खात नाही. म्हणून गरीला क्वचित लागतो, पागात (फेकजाळ्यात) येतो. तसाच पाण्यात सोडावा. घाबरून त्याने अंडी ओकली तर ती वाया जातात.

वाशिष्ठीच्या खाडीत रात्री पाण्यात उभं राहून गरवू नका, तिथे मगरी आहेत. चिपळूणकरांना हे सांगावं लागत नाही, बाहेरून येणाऱ्यांना लागतं.

घरी आणल्यावर बुळबुळ घालवणं हेच मुख्य. खडं मीठ आणि हळद चोळून पाच मिनिटं ठेवायचं, मग सुरीच्या पाठीने शेपटीपासून डोक्याकडे खरवडायचं, पांढरा फेस निघेपर्यंत दोनदा. कल्ले आणि कण्यालगतचं काळं रक्त अंगठ्याने काढलं नाही तर कालवणाला चिखलाचा वास येतो आणि दोष माशाला जातो. जाड तुकडे, भरपूर लसूण, तिखट वाटण, आगळ (कोकमाचा आंबट रस) शेवटी. उरलेली तारली परत बर्फाच्या कप्प्यात ठेवायची ती दोन पिशव्यांत घट्ट बांधून, नाहीतर आईस्क्रीम कोणी खाणार नाही.