अल्कोच्या माहेरी: स्केनेक्टडी ते स्क्रँटन

न्यूयॉर्कहून स्केनेक्टडीला जायचं तर गाडीत डाव्या हाताची खिडकी धरावी. मॅनहॅटन मागे पडलं की हडसन नदी रुळांना येऊन चिकटते आणि ऑल्बनीपर्यंत सोबत करते. पलीकडच्या काठावर वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी दिसते. थोडं पुढे नदीतल्या एका बेटावर पडका किल्ला दिसतो आणि डब्यातले सगळे मोबाईल एकदम वर होतात. किल्ला कसला, बॅनरमन नावाच्या जुनी शस्त्रं विकणाऱ्या व्यापाऱ्याचं ते गोदाम!

मला खरी उत्सुकता होती ती ऑल्बनीच्या पुढच्या छोट्या तुकड्याची. ईरी कालव्यातून जाणाऱ्या बोटींना या टप्प्यात एकामागून एक इतके लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दरवाजे) पार करावे लागत की प्रवाशांचा अख्खा दिवस त्यातच जाई. म्हणून इथे रेल्वे आली. ऑगस्ट १८३१ मध्ये ‘डेविट क्लिंटन’ हे इंजिन घोडागाडीच्या सांगाड्यांचे डबे ओढत ऑल्बनीहून स्केनेक्टडीला गेलं. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावायला अजून बावीस वर्षं होती. आज हे अंतर गाडी अर्ध्या तासाच्या आत कापते. मी नाक काचेला लावून बसलो होतो. बाहेर झाडी, गोदामं आणि पार्किंगच्या जागा, बाकी काही नाही.

स्केनेक्टडीला का, तर अल्कोसाठी. अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी. आपल्याकडे डिझेल इंजिनांच्या नादी लागलेल्या माणसाला हे नाव सांगावं लागत नाही. आपल्या रेल्वेची डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल इंजिनं आणि त्यांच्यापासून निघालेली सगळी भावंडं अल्कोच्या घराण्यातली. लोको पायलटनं नॉच (इंजिनाच्या शक्तीची पायरी) वाढवला की आधी काळ्या धुराचा लोट उठायचा आणि मग ती ठेक्यातली धडधड सुरू व्हायची. धुराचं कारण सोपं आहे. इंधन लगेच वाढतं, पण इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तोवर हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेलं डिझेल आकाशात जातं. पर्यावरणाच्या दृष्टीनं वाईटच, पण आम्ही फलाटाच्या टोकाला उभे राहायचो ते त्यासाठीच. कोकण रेल्वे विजेवर गेली तेव्हा प्रवाशांना आनंद झाला. आमच्या गटात मात्र दोन-तीन दिवस सुतक होतं.

स्केनेक्टडी स्टेशनाबाहेर पडलं की समोर ईरी बुलेवार्ड. जुना कालवा बुजवून हा रस्ता केलाय. या शहराची सगळी कथा या एका रस्त्यावर मांडलेली आहे. दक्षिणेच्या टोकाला जनरल इलेक्ट्रिक (जीई), उत्तरेच्या टोकाला अल्को. एकेकाळी हे शहर स्वतःबद्दल अभिमानानं सांगायचं की आम्ही जगाला उजेड देतो आणि जगाचं ओझं ओढतो. उजेड जीईचा, ओढणं अल्कोचं.

आधी दक्षिणेला गेलो. जीईच्या इमारतीवरची ती भलीमोठी अक्षरं अजून आहेत. गंमत अशी की जीईचा इथला संसारसुद्धा इंजिनांच्या कारखान्यातच थाटला गेला. वॉल्टर मॅक्वीन हा स्केनेक्टडीच्या इंजिन कारखान्याचा जुना जाणता माणूस. त्याच्या नावानं दुसरा एक कारखाना उभा राहत होता, पण तो पुरा झालाच नाही. त्याच्या अर्धवट इमारती १८८६ मध्ये थॉमस एडिसननं घेतल्या आणि आपलं यंत्रांचं काम न्यूयॉर्कमधून इथे हलवलं. १८९२ मध्ये त्यातून जनरल इलेक्ट्रिक झाली. या दोन शेजाऱ्यांचं पुढे काय झालं ते कळल्यावर ही सुरुवात मला जास्तच बोचली.

मग उत्तरेकडे चालत निघालो. स्टेशनापासून वीसेक मिनिटांत मोहॉक नदी येते आणि तिच्या काठावर अल्कोची जागा. आता तिथे कसिनो आहे, हॉटेल आहे, घरं आहेत, होड्या बांधायचा धक्का आहे. कसिनो २०१७ मध्ये उघडला. कारखान्याच्या अवाढव्य शेड पाडल्या, शतकभराच्या तेला-धातूंनी खराब झालेली माती साफ केली आणि मग हे सगळं उभं राहिलं. नदीकाठच्या वाटेवर लोक कुत्री फिरवत होते. एका आजोबांना मी विचारलं, इथे इंजिनं नेमकी कुठे बनायची? त्यांनी हात नुसता गोल फिरवला. सगळीकडेच.

इथली सुरुवात १८४८ ची. फिलाडेल्फियाच्या नॉरिस बंधूंनी गावातल्या धनिकांच्या पैशावर कारखाना काढला, पण त्यांचा जम बसला नाही. मग जॉन एलिस या स्कॉटिश माणसानं तो हातात घेतला आणि त्याच्या मुलांनी पुढे नेला. इथलं सगळ्यात गाजलेलं जुनं इंजिन म्हणजे ‘ज्युपिटर’. १८६८ मध्ये बांधलं, सुटं करून जहाजावर चढवलं आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोला पोचवलं. देशाच्या पश्चिम टोकाला इंजिन न्यायला तेव्हा रेल्वेच नव्हती! १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रॉमंटरी समिट इथे पूर्वेचे आणि पश्चिमेचे रूळ जुळले, तेव्हा पश्चिमेकडून येऊन उभं राहिलेलं इंजिन हेच. पुढे १९०९ मध्ये ते भंगारात गेलं. आज तिथे दिसतं ती प्रतिकृती.

१९०१ मध्ये स्केनेक्टडीसह आठ इंजिन कंपन्या एकत्र आल्या आणि अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी जन्मली. समोर फिलाडेल्फियाची बलाढ्य बाल्डविन होती, एकेकट्यानं लढणं परवडणारं नव्हतं. या मंडळींनी मधल्या काळात मोटारीही बनवून पाहिल्या. अल्कोच्या गाडीनं १९०९ आणि १९१० अशी लागोपाठ दोनदा व्हँडरबिल्ट कप शर्यत जिंकली, तरी धंदा तोट्यात, म्हणून १९१३ मध्ये बंद केला. पिट्सबर्गच्या कारखान्यात त्यांचा एक हुशार व्यवस्थापक होता, वॉल्टर क्रायस्लर. तो नोकरी सोडून ब्यूइकमध्ये गेला आणि पुढे त्याच्या स्वतःच्या नावाच्या गाड्या आल्या. अल्कोनं मोटारीही सोडल्या आणि माणूसही.

इंजिनांच्या इतिहासावरच्या गप्पांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: वाफेला कवटाळून बसले म्हणून अल्कोवाले बुडाले. मला हे पटत नाही. अमेरिकेत व्यापारी दृष्टीनं यशस्वी ठरलेलं पहिलं डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन १९२५ मध्ये रुळांवर आलं. त्याचा सांगाडा अल्कोचा, विजेची सामग्री जीईची आणि डिझेल इंजिन इंगरसोल-रँडचं. १९४१ मध्ये आलेलं आरएस-१ तर एकाच वेळी शंटिंगला (यार्डात डबे हलवायला) आणि मुख्य मार्गावर चालणारं. पुढे जगभर रूढ झालेल्या ‘रोड स्विचर’ या प्रकाराचं ते मूळ. आपल्या डब्ल्यूडीएम-२ चा लांब नाकाचा, बाजूनं चालायला पट्टी असलेला अवतार पाहिलात की हे नातं दिसतं.

घात झाला तो वेळेचा. दुसऱ्या महायुद्धात कोणी काय बांधायचं हे सरकारी मंडळ ठरवत होतं. जनरल मोटर्सच्या ईएमडी या इंजिनं बांधणाऱ्या विभागाला मालगाड्यांची मोठी डिझेल इंजिनं बांधत राहायला मिळालं. अल्कोच्या वाट्याला वाफेची इंजिनं, शंटर आणि रणगाडे आले. युद्ध संपताना रेल्वे कंपन्या डिझेलसाठी रांगा लावून उभ्या होत्या आणि ईएमडीकडे तावून सुलाखून निघालेलं इंजिन तयार होतं. अल्कोनं घाईघाईत २४४ नावाचं इंजिन बाजारात आणलं. क्रँकशाफ्ट तुटू लागले, टर्बोचार्जर दगा देऊ लागले आणि ज्या चाचण्या कारखान्यात व्हायला हव्या होत्या त्या गिऱ्हाइकांच्या मालगाड्यांवर झाल्या. १९५४ च्या आसपास २५१ आलं. ते अफलातून होतं, आपल्या डब्ल्यूडीएम-२ च्या पोटात तेच. पण तोवर गिऱ्हाइकांनी दुसरं दुकान धरलं होतं.

आणि शेजारी? विजेची मोटर आणि जनरेटर अल्को जीईकडूनच घेत असे. १९५३ पर्यंत दोघांची विक्रीही एकत्र चालायची. ती भागीदारी संपली आणि १९६० च्या सुमारास जीई स्वतःचं यू-२५-बी घेऊन मुख्य मार्गाच्या बाजारात उतरली. अल्को आता प्रतिस्पर्ध्याकडूनच मोटर विकत घेऊन त्याच्याशी झुंजत होती. १९६४ मध्ये कंपनी वर्दिंग्टन या दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली आणि १९६९ मध्ये स्केनेक्टडीत इंजिनं बनणं थांबलं. ईरी बुलेवार्डच्या एका टोकानं दुसऱ्या टोकाला संपवलं असं म्हणणं थोडं नाटकी होईल, पण फार चूक नाही.

मधल्या काळात कंपनी जगायला काय काय करत होती हे वाचून हसू येतं आणि वाईटही वाटतं. १९५५ मध्ये नावातून ‘लोकोमोटिव्ह’ काढून टाकलं, अल्को प्रॉडक्ट्स झालं. त्यांनी अमेरिकन लष्करासाठी छोट्या अणुभट्ट्या बांधल्या. त्यातली एक तर ग्रीनलंडच्या बर्फाखाली कॅम्प सेंच्युरी या तळावर वीज पुरवत होती. नासाचं सॅटर्न-५ रॉकेट उड्डाणमंचापर्यंत वाहून नेणाऱ्या अजस्र क्रॉलरला शक्ती देणारी दोन डिझेल इंजिनंही अल्कोचीच, २५१ घराण्यातली. चंद्राच्या वाटेवरचे पहिले काही किलोमीटर आपल्या डब्ल्यूडीएम-२ च्या सख्ख्या बहिणींनी ओढले, असं मी आता येताजाता सांगत असतो.

दुसऱ्या दिवशी मित्राच्या गाडीनं स्क्रँटनला निघालो. बिंगहॅम्टनवरून पेनसिल्व्हेनियात शिरायचं, रस्ता डोंगराळ आणि सुंदर. स्क्रँटनची डिक्सन कंपनी १९०१ च्या त्या आठांमधली एक, पण मी आलो होतो स्टीमटाउनसाठी. जुन्या रेल्वे यार्डात उभारलेलं हे राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि तिथे स्केनेक्टडीत बांधलेला ‘बिग बॉय’ उभा आहे, क्रमांक ४०१२.

फोटो कितीही पाहिलेले असोत, याच्या शेजारी उभं राहिल्यावर हिशेब बिघडतो. टेंडरसकट (इंधन-पाण्याच्या मागच्या डब्यासकट) लांबी ४० मीटरच्या वर. ओढणारी चाकं सोळा, आठ-आठच्या दोन संचांत. एवढा लांबलचक देह वळणावर वळावा म्हणून पुढचा संच स्वतंत्रपणे फिरतो. युनियन पॅसिफिकला वासाच डोंगरातल्या चढावर जोडइंजिन न लावता जड मालगाड्या न्यायच्या होत्या, त्यासाठी १९४१ ते १९४४ मध्ये अशी २५ बांधली. नाव कंपनीनं दिलेलं नाही. कारखान्यातल्या कुणा कामगारानं खडूनं ‘बिग बॉय’ असं लिहिलं आणि तेच चिकटलं. त्या कामगाराचं नाव कुणाला ठाऊक नाही. पंचवीसांपैकी आठ वाचली. त्यातलं ४०१४ दुरुस्त होऊन २०१९ पासून पुन्हा वाफेवर धावतंय. ४०१२ च्या चाकाला मी हात लावला. माझ्या उंचीचं चाक!

मी चाकाशी असतानाच मागून तो आवाज आला. धड-धड-धड, मध्येच अडखळल्यासारखी लय. डेलावेअर-लॅकावाना नावाची एक छोटी मालवाहू रेल्वे कंपनी याच परिसरात आहे आणि ती हट्टानं अल्कोच चालवते. दुसऱ्यांनी टाकून दिलेली साठीतली इंजिनं घ्यायची, जुळवायची आणि रोज मालगाड्या ओढायच्या. इंजिन समोरून गेलं तेव्हा पायलटनं नॉच वाढवला आणि धुराचा तो ओळखीचा काळा लोट उठला. मित्र, जो केवळ माझ्या प्रेमापोटी गाडी चालवत इथवर आला होता, खोकत म्हणाला, “यासाठी आलास तू?” हो, यासाठीच.

संध्याकाळी हॉटेलात बसून त्याला भारताची बाजू सांगितली. १९५७ पासून अल्कोची डब्ल्यूडीएम-१ भारतात येऊ लागली, १०० इंजिनं. १९६२ मध्ये अल्कोची डब्ल्यूडीएम-२ आणि जनरल मोटर्सची डब्ल्यूडीएम-४ अशी दोन्ही रेल्वेनं घेऊन पाहिली. जीएमचं इंजिन सरस होतं असं जुने जाणकार आजही म्हणतात, पण तंत्रज्ञान द्यायला अल्को तयार झाली. घरी गिऱ्हाईक उरलं नव्हतं, त्यामुळे तिचा हात सैल होता, असा माझा तर्क. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधलं पहिलं इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडलं. पाच वर्षांनी मूळ कारखाना बंद झाला आणि वाराणसी मात्र पुढची कित्येक दशकं अल्को बांधत राहिली, सुधारत राहिली, श्रीलंका-बांगलादेश-व्हिएतनामला विकत राहिली. तिकडे जे २५१ उशिरा आलं म्हणून वाया गेलं, त्यानं आपल्याकडे तीन पिढ्यांच्या सुट्ट्या ओढल्या. मित्रानं विचारलं, मग आता? आता विजेचं राज्य. उरल्यासुरल्या डिझेलमध्ये जीएमच्या वंशातली आहेत, आणि बिहारमधल्या मढौऱ्याहून आलेली आहेत. तो कारखाना कुणी काढला? जीईनं. तो इतक्या जोरात हसला की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

जाणार असाल तर थोडी माहिती. स्केनेक्टडी अर्ध्या दिवसात होतं. जीईची अक्षरं रात्री उजळतात, त्यामुळे अंधार पडेपर्यंत थांबलात तर उत्तम. तिथून स्क्रँटनला रेल्वे नाही, गाडी हवी. स्टीमटाउनला अख्खा दिवस ठेवा आणि शनिवार-रविवार टाळा. डेलावेअर-लॅकावानाच्या मालगाड्या कामाच्या दिवशी दिसण्याची शक्यता जास्त.