उकरायची ओळ

लहान मुलांना शेतीची ओळख करून द्यावी म्हणून मी अंगणाच्या कडेला हातभर रुंदीचा वाफा केला आणि चार-पाच वर्षांच्या तिघांच्या हातांत घेवड्याच्या बिया ठेवल्या, तेव्हा माती, पाणी, ऊन, अंकुर असा धड्याचा क्रम माझ्या मनात पक्का होता. मुलांना तो कोणी सांगितलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर धाकट्या पुतणीने दोन बिया उकरून तळहातावर घेतलेल्या. "काका, अजून काहीच झालं नाही," ती म्हणाली.

मी तिला रागावलो, याची अजून थोडी लाज वाटते. घेवडा मातीबाहेर यायला साधारण आठवडा लागतो, गारठा असेल तर त्याहून अधिक. तेवढे दिवस कोऱ्या मातीकडे नुसते पाहत राहणे मोठ्यांनाही जमत नाही. शिवाय खरी गंमत त्याच दिवसांत मातीखाली चाललेली असते. बी पाणी पिऊन फुगते, साल फाटते आणि आधी बाहेर पडते ती मुळी. हे उकरल्यावाचून दिसणार कसे? म्हणून वाफ्यात आणखी एक ओळ पेरली, केवळ उकरण्यासाठी.

तिघांतल्या एकाने येता-जाता झारी रिकामी करून आपल्या बिया कुजवल्या. मातीच्या कणांमधल्या फटींत पाणीच साचून राहिले, तर बीला हवा मिळत नाही, हे मी त्याला समजावून सांगणारच होतो. पण त्याने त्या लिबलिबीत बिया नाकाशी नेल्या आणि माझे व्याख्यान टळले.

जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेलने 1840 मध्ये आपल्या शाळेला 'मुलांची बाग' या अर्थाचे नाव दिले, तेव्हा त्याच्या मनात खरोखरीची बागही होती आणि त्या बागेत प्रत्येक मुलासाठी स्वतःचा छोटा वाफा असावा, असा त्याचा आग्रह होता. आपल्या 'बालवाडी'तही वाडी आहेच. शब्दात तरी ती शिल्लक आहे.

पाचव्या दिवशी उकरायच्या ओळीतून निघालेल्या बीला नखाएवढी पांढरी मुळी होती. पुतणीने ती बी परत पुरली, ती मुळी आभाळाकडे करून. मी मोठ्या कष्टाने गप्प राहिलो. दोन दिवसांनी पुन्हा उकरली, तर मुळीने गळासारखे वळण घेऊन खालची वाट धरली होती. "हिला अंधारात कसं कळलं?" तिने विचारले. थॉमस नाइट या इंग्रज अभ्यासकाने 1806 मध्ये फिरत्या चाकावर बिया बांधून याच कोड्याचा माग काढला होता; मुळ्या चाकाच्या बाहेरच्या बाजूला वळल्या आणि कोंब मध्याकडे, म्हणजे रोपाला दिशा दाखवणारे बळ ओढीचे आहे, हे त्यावरून कळले. मी तिला एवढेच म्हणालो की, जमिनीची ओढ तिला जाणवते. त्यावर ती वाफ्याशेजारी डोके खाली टेकवून उलटी उभी राहू लागली. "हो, जाणवते," तिने लालबुंद चेहऱ्याने कबूल केले.

ती बी उशिरा का होईना, वर आली: मान वाकलेली, दोन जाड दले डोक्यावर आणि एका दलाला सालीचे टोपडे अजून चिकटलेले. ते मुळापासून पाहावे म्हणून मी खुरपे घेतले, तर पुतणी दोन्ही हात पसरून आडवी आली.