तुम्ही विचारलंत म्हणून: देवीच्या दिवसांत मासे कसे चालतात?

घट बसले की दरवर्षी फोन येतात. पेणहून मावशीचा, ठाण्याहून मैत्रिणींचा, कधी तर दादाच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी. इकडची तिकडची चौकशी होते आणि मग हळूच विचारतात, अगं नवरात्रात तुमच्याकडे मासे कसे काय चालतात? देवीचे दिवस ना? लग्न होऊन कोलकात्यात आले तेव्हापासून हा प्रश्न ऐकतेय, फोनवर दोन वाक्यांत सांगून भागत नाही, म्हणून आज बसून नीट लिहिते.

आधी एक सांगते. दुर्गापूजेचे पाचही दिवस सरसकट मासे-मटण चालू असतं असं अजिबात नाही. षष्ठीला मुलंबाळं असलेल्या बायका भात खात नाहीत, लुची (मैद्याची पुरी) आणि भाजीवर राहतात. अष्टमीला अंजली (मंत्र म्हणून देवीला फुलं वाहणं) होईपर्यंत पोटात काही नाही, नंतर खिचुडी, लाबडा (सगळ्या भाज्या एकत्र घालून मऊ शिजवलेली भाजी), टोमॅटोची गोड चटणी, पापड. खूप घरांत गुरुवार लक्ष्मीचा वार म्हणून निरामिष म्हणजे शाकाहारी असतो, आणि जी घरं पक्की वैष्णव आहेत त्यांच्याकडे मासा उंबऱ्याच्या आतच येत नाही. म्हणजे पाळणूक इथेही कडक आहे, फक्त तिची रेघ वेगळ्या जागी ओढलेली आहे. नवमीला जे मटण होतं ते कित्येक घरांत कांदा-लसणाशिवाय, नुसतं आलं, जिरं, हिंग घालून करतात आणि त्याला चक्क निरामिष मांगशो म्हणतात, कारण ते देवीच्या प्रसादाचं. उलट मसूर डाळ मात्र आमिषात म्हणजे मांसाहारात धरतात! पहिल्यांदा ऐकलं की डोकं चक्रावतं पण वर्षभर या घरात राहिलात की सगळं आपोआप जागेवर बसतं.

आता मासा. आपल्याकडे मासा म्हणजे जिभेचा लाड, त्यामुळे सोमवार, गुरुवार, चतुर्थी, श्रावण असं म्हटलं की पहिला तोच सुटतो. इथे मासा ही घर भरलेलं असल्याची खूण आहे. घरात सगळं ठीक चाललंय, माणसं आहेत, लेकीसुना नांदतायत, म्हणून मासा आहे. मग जी वस्तू मंगल आहे ती देवाला का नाही दाखवायची? दक्षिणेश्वरला कालीमातेच्या भोगात मासा असतो, कालीघाटला असतो, तारापीठला तर भाजलेला शोल मासा हा मुख्य भोग. आणि हे काही आजकालचं नाही, भवदेव भट्ट नावाचे बंगालचे मोठे स्मृतिकार होऊन गेले, साधारण 11व्या-12व्या शतकातले, त्यांनीच ब्राह्मणांनी मासे खाण्यात दोष नाही हे शास्त्राच्या आधारानं मांडून ठेवलंय. सगळ्या मुलखात नद्या, खाड्या, तळी, पावसाळ्यात भातखाचरातसुद्धा मासे, तिथे धर्म तरी वेगळं काय सांगणार.

माझ्या लग्नात नवऱ्याकडून गाये होलुदचं तत्त्व आलं, म्हणजे हळदीच्या दिवशी वराकडून वधूकडे जाणारी ताटं. साड्या, मिठाया, पान-सुपारी, अत्तरं, आणि मधोमध एका मोठ्या परातीत अख्खा रुई म्हणजे रोहू मासा. त्याला लाल साडी नेसवलेली, घड्या नीट पाडून, डोक्याला शेंदूर, नाकात छोटी नथ, तोंडात विडा. आमच्या मंडळींत क्षणभर शांतता आणि मग सगळ्या बायका एकदम पुढे, कुणी साडी हात लावून बघतंय, कुणी खवलं बघतंय. मावशी म्हणाली, ताजा आहे गं, डोळे बघ कसे आहेत. आम्ही रायगडचे, माशाचे डोळे बघूनच बोलणार. पण नवरीसारखा सजवलेला मासा लग्नाच्या ताटात बघितल्यावर मला जे कळलं ते नंतर कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

आमचं घर अर्धं-अर्धं आहे. सासरे बाङाल, म्हणजे मूळचे पूर्व बंगालचे, बोरिशालचे, आणि सासूबाई, ज्यांना मी मां म्हणते, त्या हावडा जिल्ह्यातल्या घोटी, म्हणजे पिढ्यान् पिढ्या पश्चिमेकडच्या. बाङालांचा इलिश (हिल्सा मासा) आणि घोटींची चिंगडी (आपली कोळंबी) हे भांडण फुटबॉलपर्यंत पोचलेलं आहे, ईस्ट बेंगॉल जिंकला की इलिश आणि मोहन बागान जिंकला की चिंगडी. आमच्याकडे दोन्हींचे सण होतात त्यामुळे खायला दुप्पट मिळतं!

मांच्या माहेरचा सगळ्यात सुंदर सण म्हणजे रान्ना पूजा. भाद्रपद संक्रांतीला, विश्वकर्मा पूजेच्या वेळी, सप्टेंबरच्या मध्याला येतो. आदल्या संध्याकाळी घर धुऊन पुसून स्वैपाक सुरू होतो तो रात्रभर चालतो. पाच प्रकारची तळणी, नारळ घातलेली डाळ, ओलाची म्हणजे सुरणाची भाजी, कोचूशाक (अळूच्या जातीतलीच भाजी, पण आपण करतो तसं पातळ नाही, पार आटवून लगदा होईपर्यंत) त्यात इलिशचं डोकं, तळलेले इलिशचे तुकडे, चिंगडी, चालता नावाच्या आंबट फळाचं टोक म्हणजे आंबट कालवण. भात शिजवून पाण्यात घालून ठेवतात. पहाटेपर्यंत सगळं झालं की चूल विझवायची, सारवायची, तिच्यावर शापलाची म्हणजे कमळासारखी पाण्यातली फुलं आणि मनसा नावाच्या झाडाची फांदी ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची नाही, तिची पूजा करायची, मनसादेवीची. पावसाळ्यात सापांचं भय, म्हणून मनसा. मग सगळ्यांनी तो गार भात आणि गार मासे खायचे. मोहरीच्या तेलात रात्री तळलेला इलिश सकाळी गार झाला की त्याची चव बदलते, खारट-स्निग्ध अशी काहीतरी होते, पाणीभातात हिरवी मिरची चुरडून त्याच्याबरोबर खाल्ला की मला तरी गरम माशापेक्षा तोच जास्त आवडतो. आपल्याकडे शीतला सप्तमीला चूल थंड ठेवणारी घरं आहेत त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल.

बाबांच्या म्हणजे सासऱ्यांच्या बाजूचं वेगळं. विजयादशमीला जोडी आणायची, जोडा इलिश, नाहीतर निदान पुंटी माशांची जोडी बघायची, शुभ म्हणून. आणि दशमीनंतर, काही घरांत कोजागरीच्या लक्ष्मीपूजेनंतर, इलिश बंद तो थेट सरस्वती पूजेपर्यंत म्हणजे वसंत पंचमीपर्यंत. त्या दिवशी पुन्हा जोडा इलिश येणार, त्याला तेल-शेंदूर लावून, काही घरांत उलू देऊन म्हणजे जिभेचा तो विशिष्ट मंगल आवाज करून घरात घेणार. मधले महिने खायचा नाही यामागे किती शहाणपण आहे बघा. इलिश राहतो समुद्रात आणि अंडी घालायला नदीत वर चढतो, आश्विन पौर्णिमेच्या आसपास जोर असतो, पुढे पिल्लं नदीतच वाढतात. जी गोष्ट घरातल्या बायकांनी व्रत म्हणून पाळली तीच आता बांगलादेश सरकार दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास 22 दिवसांची मासेमारी बंदी घालून पाळायला लावतं. पश्चिम बंगालातही 23 सेंटीमीटरपेक्षा लहान इलिश पकडायला-विकायला मनाई आहे, तरी बाजारात खोका इलिश म्हणजे पिल्लं सर्रास दिसतात आणि लोक स्वस्त म्हणून घेतात. मला याचा खरंच राग येतो. गडियाहाट मार्केटात मी आणि मां अशा पाट्यांसमोरून सरळ पुढे जातो, घ्यायचा तर वर्षातून थोडाच पण पूर्ण वाढलेला. आधीच 1975 साली फराक्का बराज (गंगेवरचा मोठा बंधारा) झाल्यापासून गंगेत वर जाणारी त्याची वाट अडली, नाहीतर अलाहाबादपर्यंत इलिश मिळायचा. जे उरलंय ते तरी पिल्लं खाऊन संपवू नका एवढंच.

आणि आता जे फोनवर मी कधीच नीट सांगू शकले नाही ते. मासा जर सौभाग्याची खूण असेल तर सौभाग्य गेल्यावर ताटातून पहिला तोच जाणार, आणि तसंच होत आलं. नवरा गेला की मासा बंद, मटण बंद, कांदा-लसूण बंद, मसूर डाळ बंद, दिवसातून एकदाच भात, एकादशीला पाण्याचा थेंबही नाही. वेगळी चूल, वेगळी भांडी, विळीसुद्धा वेगळी, आंश बोटी माशांची आणि निरामिष बोटी भाज्यांची. समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीनं 1856 साली विधवाविवाहाचा कायदा झाला पण ताटापर्यंत तो कायदा पोचायला पुढे शंभरेक वर्षंही पुरली नाहीत. लहान वयात विधवा झालेल्या मुलींनी घरातल्या सगळ्यांसाठी मासे निवडायचे, शिजवायचे आणि स्वतः बाजूच्या चुलीवर दुधीची सालं परतून खायची. आज बंगाली शाकाहारी स्वैपाक म्हणून ज्याचं कौतुक होतं ना, शुक्तो (कडसर मिश्र भाजी), मोचार घोंटो (केळफुलाची भाजी), धोकार डालना (डाळीच्या वड्यांचा रस्सा), पोस्तो (खसखशीतली भाजी), सालींची चच्चडी म्हणजे परतलेली भाजी, त्यातलं कितीतरी या बायकांच्या हातचं आहे. ते खाताना मला चव आवडते आणि पोटात तुटतंही, दोन्ही एकदम होतं.

आमच्या घरात पिशीमा होत्या, बाबांच्या बहीण, विशी ओलांडायच्या आत विधवा झालेल्या. त्यांच्या हातची शुक्तो मी दुसरीकडे कुठे खाल्लेली नाही. बाबा गेले तेव्हा अशौचाचे म्हणजे सुतकाचे दिवस हविष्यान्न (साधा सात्त्विक भात), मग श्राद्ध, आणि श्राद्धानंतर नियमभंग असतो, म्हणजे भाऊबंदांना बोलावून मासे वाढायचे आणि सुतकातून बाहेर यायचं. त्याला मत्स्यमुख म्हणतात. घर पुन्हा माशापाशी आलं की दुःखाचे दिवस संपले असं धरायचं, पण जिचा नवरा गेला तिच्या पानात तो वाढत नाहीत. पंगत बसली तेव्हा माझ्या नणंदेनं कुणाला न विचारता मांच्या पानात रुईचा तुकडा वाढला. मां हात आखडून बसल्या. एक-दोन म्हाताऱ्या बायका कुजबुजल्या. तेव्हा पिशीमा, ज्यांनी विधवा झाल्यापासून मासा तोंडात घातला नव्हता, त्या मोठ्यानं म्हणाल्या, "खेये नाओ बौदी", खा गं वहिनी. मांनी खाल्ला. नंतर पिशीमांनाही कुणीतरी आग्रह केला तर म्हणाल्या, मला आता वासच सहन होत नाही रे, तुम्ही खा. आता शहरांतून बहुतेक घरं हे पाळत नाहीत, पण आपोआप बदललं असं समजू नका, अशा कुठल्या ना कुठल्या पंगतीत कुणीतरी वाढलं आणि कुणीतरी खा म्हणालं म्हणून बदललं.

तर मावशी, नवरात्रात मासे कसे चालतात याचं उत्तर हे असं लांबलचक आहे. आणि खरं सांगू, तुला तर हे विचारायची गरजच नाही. आपल्याकडे गौरीपूजनाला तिखटाचा नैवेद्य असतोच की, मटण, चिंबोऱ्या, मासे, गणपती शाकाहारी म्हणून मध्ये पडदा धरायचा आणि गौरीला वाढायचं. माहेरवाशीण घरी आली तर तिला आवडीचं घालायचं, एवढं साधं. दुर्गासुद्धा इथे माहेरपणालाच येते, लेकरं घेऊन, चार दिवस.

पुढचा प्रश्नही तुम्ही विचारणारच म्हणून सांगून टाकते, इलिश तिकडे धड मिळत नाही तर करायचं काय. जिताडा घ्या. बंगाल्यांचा भेटकी म्हणजे आपला जिताडाच, तोच मासा, पेण-अलिबागला मानाचा आणि कोलकात्यात लग्नाच्या पंगतीत मानाचा. त्याची पातुरी करा. काटे काढलेले जाडसर तुकडे मीठ-हळद लावून ठेवायचे. पिवळी आणि काळी मोहरी निम्मी-निम्मी घेऊन थोडा वेळ भिजवायची आणि हिरव्या मिरच्या आणि मीठ घालूनच वाटायची, नाहीतर कडू होते, आणि मिक्सर फार वेळ फिरवायचा नाही. त्यात मूठभर ओलं खोबरं वाटून, हळद, आणि मोहरीचं तेल कच्चंच, सढळ हातानं. एरवी हे तेल धूर येईपर्यंत तापवतात पण पातुरीत त्याचा झणकाच हवा. तुकडे यात घोळवून केळीच्या पानात (पान आधी विस्तवावर फिरवून मऊ करून घ्या) एकेक पुडी बांधायची, तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्हीकडून पान करपेपर्यंत भाजायची. कोकम नको, गरम मसाला नको, मोह झाला तरी आलं-लसूण घालू नका. पुडी ताटात उघडायची, आणि भात गरमच हवा.