पाणी कुठे जाणार?

संध्याकाळपासून मन एकाच ठिकाणी अडकून बसलंय. कारण सांगायला गेलं तर क्षुल्लक आहे. बांधकामाच्या साईटवर बाबांच्या हाताखाली उमेदवारी केलेले काका भेटायला आले होते. आता ते स्वतःच निवृत्त झालेत. थोडा वेळ बाबांच्या फोटोकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "ताई, साहेब ड्रॉइंग उघडायच्या आधी एकच विचारायचे. पाणी कुठे जाणार ते सांग, मग पुढचं बोल."

मी मान डोलावली. आतून मात्र चरकले. ते वाक्य माझं होतं.

शाळेत कुणाशी बिनसलं, मार्क कमी पडले, की मी दार लावून पडून राहायचे. बाबा यायचे आणि पलंगाच्या कडेला बसायचे. काय झालं, कोण काय म्हणालं, यातलं काही विचारायचे नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणायचे, "बरं, आता हे पाणी कुठे जाणार?" रडून जाणार, बोलून जाणार की सायकल दामटून जाणार, ते मी ठरवायचं. साचवून मात्र ठेवायचं नाही. हे बाबांनी खास माझ्यासाठी शोधून काढलंय, अशी माझी पक्की समजूत होती. त्यांच्या मायेचा पुरावा म्हणून मी ते वाक्य इतकी वर्षं जपलं. आणि आज कळलं की साईटवर रुजू होणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला ते हेच विचारत होते.

काका रंगात येऊन सांगत होते. "भिंत मातीनं पडत नाही ताई, पाण्यानं पडते." कागद मागून घेतला आणि आकडेच मांडले. ३ मीटर उंचीची रिटेनिंग वॉल, म्हणजे मागची माती अडवून धरणारी भिंत असेल, तर मागची कोरडी माती लांबीच्या दर मीटरला साधारण २.७ टन रेटा देते. तिथेच पाणी वरपर्यंत तुंबलं, तर एकट्या पाण्याचा रेटा ४.५ टन होतो, आणि मातीचा उरतोच. म्हणून भिंतीत वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर पडायला भोकं ठेवायची, आणि माती वाहून येऊन ती बुजू नयेत म्हणून मागे खडी भरायची.

एकदा गिलावा करताना गवंड्यानं टोकाची काही भोकं साफ लिंपून टाकली होती. भिंत दिसायला गुळगुळीत, ठेकेदार खूश. बाबा आरडाओरडा न करता वर गेले, मागच्या खडीत पाण्याचा पाइप सोडला आणि खाली येऊन भिंतीसमोर हाताची घडी घालून उभे राहिले. बाकीच्या भोकांतून धार लागली, टोकाची कोरडीच. कुणी काही बोलेना. शेवटी गवंड्यानंच छिन्नी उचलली. मग बाबांनी सळईचा तुकडा घेऊन एकेका भोकात घालून पाहिला. सगळी मोकळी झाल्यावरच हलले तिथून. काका म्हणाले, अंधार पडला होता.

ऐकायला छान वाटलं, आणि रागही आला. भिंतीसमोर अंधार पडेपर्यंत उभं राहायला त्यांना वेळ होता. माझ्या बक्षीस समारंभाला... जाऊ दे.

अठ्ठावीस दिवसांचंही तेच निघालं. मी शिक्षण सोडायचं म्हणत होते तेव्हा बाबा म्हणाले होते, "२८ दिवस थांब, मग सांग." तेही काकांना पाठ. काँक्रीटचा क्यूब, म्हणजे ताकद तपासायला ओतलेला नमुन्याचा ठोकळा, ७ दिवसांनी फोडला तर साधारण दोन तृतीयांश ताकद दाखवतो, म्हणून त्यावर हरखायचंही नाही आणि घाबरायचंही नाही, खरा हिशेब २८ व्या दिवसाचा आणि तोवर पाणी मारत राहायचं. म्हणजे माझ्या आयुष्यातला एवढा मोठा निर्णय बाबांनी क्यूबच्या रजिस्टरवरून उचललेल्या वाक्यानं पुढे ढकलला! मग माझ्यासाठी म्हणून त्यांनी वेगळं केलं तरी काय?

जेवण झाल्यावरही हेच घोळत राहिलं. आधी कोण, मी की भिंत? काका माझ्या जन्माआधीपासून त्यांच्या हाताखाली होते. म्हणजे आधी भिंतच. हे उत्तर बराच वेळ टोचत राहिलं.

पण बाबांना जरा ओळखते मी. न तपासलेली वस्तू ते कामात घालू द्यायचे नाहीत. सिमेंटच्या गोणीवरची तारीख वाचल्याशिवाय गोणी फोडू द्यायचे नाहीत. गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही, आणि मुलीला कसं समजवावं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. जे चुकलं तर भिंत कुणाच्या तरी अंगावर येईल, ते ज्या वाक्याच्या भरवशावर ते सांभाळत होते, तेच त्यांनी माझ्या उशाशी आणून ठेवलं. याहून खात्रीचं त्यांच्याकडे काही नव्हतंच. एवढं लिहिल्यावर छातीवरचं ओझं थोडं हललं. टोचणी आहे अजून, पण तिच्यासकट मला हे वाक्य हवंय. मी शिक्षण सोडलं नाही, हेही खरंच आहे.

निघताना काका सांगत होते की त्यांच्या घरी नात रुसली की तेही हाच प्रश्न विचारतात. कुठली कोण ती मुलगी, बाबांना कधी पाहिलेलंही नाही तिनं. मघाशी हे ऐकून वाईट वाटलं होतं. आता वाटतंय, विचारू देत.

आईला यातलं काही बोलले नाही. काका आकडे मांडत होते तेव्हा ती दारात उभी होती, आणि तिला काहीच नवल वाटलेलं दिसलं नाही.