आजीच्या भजनाची कॅसेट: रंग का पसरला, टाळ का बुडाले

आमच्या आजीचं भजनी मंडळ नौपाड्यात दर एकादशीला जमायचं, 2004 साली मामाने एकदा त्याची मिनीडीव्ही (छोटी डिजिटल व्हिडिओ) कॅसेट काढली होती, आणि आजी गेल्यावर तिचा आवाज म्हणून आमच्याकडे तेवढीच उरलीय. मागच्या वर्षी ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात देऊन एमपी4 करून आणली, टीव्हीवर लावली आणि मन खट्टू झालं. नऊवारीचा लाल काठ ओघळल्यासारखा, आजीने हात हलवला की लाल रंगात आडव्या रेघा, आणि टाळ तर पाण्याखाली वाजतायत असे.

कॅसेट गेली असंच धरून चाललो होतो, पण मामाच्या जुन्या कॅमेऱ्यात घालून इयरफोन लावला तर टाळ खणखणीत! मग वाचायला बसलो.

आपल्याकडच्या पाल (PAL, टीव्ही चित्राची आपल्याकडची पद्धत) डीव्हीत रंग 4:2:0 पद्धतीने साठवलेला असतो, म्हणजे उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा वेगळा पण रंग चार पिक्सेलमागे एकच, चित्र 720 बाय 576 आणि रंग फक्त 360 बाय 288. डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तितका नाही, त्यामुळे एरवी खपतं, पण गडद लाल काठावर उघडं पडतं. त्यात चित्र इंटरलेस्ड, सेकंदाला 50 फील्ड म्हणजे अर्धी चित्रं, एकात एकाआड एक ओळी, उरलेल्या पुढच्यात. दुकानात डीइंटरलेस न करताच, म्हणजे या अर्ध्या चित्रांची नीट पूर्ण चित्रं न बनवताच, साईझ वाढवलेली, दोन वेगळ्या क्षणांचे रंग एकमेकांत कालवले गेले.

आवाजाचं तर मला जास्तच वाईट वाटलं. कॅसेटवर 48 किलोहर्ट्झ, 16 बिट स्टिरिओ, म्हणजे 1536 केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट), आणि दुकानाच्या फाईलमध्ये 64, सरळ 24 पट कमी! कॉम्प्रेशन कानाला ऐकू न येणारं आधी टाकतं, पण इतकं पिळल्यावर वरच्या पट्टीतलं जातंच, आणि टाळाच्या ठोक्याआधीच एक खसखस ऐकू येते.

कळव्याच्या मित्राकडे फायरवायर (कॅमेऱ्यातून डिजिटल व्हिडिओ उतरवायची जुनी जोडणी) पोर्टवाला जुना पीसी निघाला. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो, फाईल साधारण 13 जीबी, पण कॅसेटवर जे आहे ते जसंच्या तसं येतं. ती हार्ड डिस्कवर तशीच ठेवली, घरच्यांसाठी हँडब्रेक या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस करून वेगळी कॉपी काढली, आवाज एएसी कॉम्प्रेशनमध्ये, 256 केबीपीएसवर. काठ अजून थोडा पसरतोच, तो कॅसेटमध्येच तसा आहे. रेघा गेल्या.

आईला लावून दिलं. ती डोळे मिटून ऐकत होती, मग म्हणाली, "तो एक टाळ किंचित मागे पडतोय ना, ती आजी."