तवा अडकायचा ती जागा

बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात मिक्सर येतात, टेबलफॅन येतात, शेतातल्या मोटारीचे स्टार्टर येतात. गोधडीत गुंडाळलेला रेकॉर्ड प्लेअर मात्र कित्येक वर्षांत आला नव्हता. परवाच्या बाजाराला तो आला.

आणणाऱ्या आजी ऐंशीच्या घरातल्या. सोबत कॉलेजात शिकणारा नातू. आर्वीजवळच्या खेड्यातून एसटीनं आल्या होत्या. सगळा रस्ता त्यांनी ती पेटी मांडीवर धरली होती, नातवाच्या हातातही दिली नव्हती.

"भाऊ, हे चालू होते का पाहा बरं. गुरुजी गेले तेव्हापासून कोणी हात नाही लावला याले."

गुरुजी म्हणजे त्यांचे यजमान, झेडपीच्या शाळेतले मास्तर. अख्खं गाव गुरुजी म्हणायचं म्हणून त्याही गुरुजीच म्हणायच्या. पेटीच्या झाकणात वर्तमानपत्रात बांधलेला एकच छोटा तवा, म्हणजे गाण्याची रेकॉर्ड, होता. त्याच्यावरचा कागद वाळवीनं अर्धा खाल्लेला, नाव वाचता येईना. मी काही विचारायच्या आत आजीच म्हणाल्या, "शुक्रतारा आहे तो."

एवढं ऐकलं आणि मला राळेचा वास आला. खरंच आला.

हे दुकान बाबांचं. त्यांच्या काळात इथं मर्फीचे, फिलिप्सचे व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्तीला यायचे. बटण फिरवलं की लगेच आवाज नाही. आधी आतले व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे लाल व्हायचे, मग दुरून कोणी चालत यावं तसा आवाज यायचा. रेडिओला तेव्हा लायसन्स लागायचं. वर्षाचे पंधरा रुपये पोस्टात भरायचे. काही शेतकरी सेटसोबत ते लायसन्सचं पुस्तकही दुकानात आणून ठेवायचे, हरवू नये म्हणून. दुरुस्त झालेला सेट बाबा आकाशवाणी नागपूरवर लावून तास-दोन तास चालू ठेवत. त्यात कधी 'शुक्रतारा मंद वारा' लागलं तर ते तारांना डाग (सोल्डर) देता देता थांबत. गरम आयर्नचं टोक राळेच्या डबीत टेकलेलं राही, धुराची बारीक रेघ वर जात राही आणि गाणं संपेपर्यंत आम्हा पोरांना दुकानात बोलायची बंदी.

गाणं १९६२ चं, माझ्या जन्माच्या आधीचं. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, गायला अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. कवी वेंगुर्ल्याचा, गायक इंदूरचा, गायिका तर मूळची मराठीही नाही. यातलं कोणी आमच्या बाजूचं नाही. आमच्याकडचे नाले होळीच्या आत कोरडे पडतात, पाण्यातलं चांदणं कुठून दिसणार? तरी त्या गाण्याइतकं आपलं वाटणारं दुसरं काही मी ऐकलेलं नाही. बाबाही तेच म्हणायचे.

पेटी उघडली. पिकअपमधलं, म्हणजे पिन बसते त्या भागातलं, क्रिस्टल मेलेलं होतं. त्याचं नवल वाटलं नाही. जुन्या पिकअपमध्ये एका क्षाराचा स्फटिक असतो, पिन हलली की तो वीज तयार करतो. उष्णता आणि दमट हवा, दोन्ही त्याला सोसत नाहीत. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, वरून टिनाचं छप्पर, आणि नंतर पावसाळा. किती उन्हाळे तग धरेल? बाबांच्या खणात एका मोडीत काढलेल्या प्लेअरचं सिरॅमिक पिकअप मी जपून ठेवलं होतं, ते बसवलं. रबरी चाक एका जागी चपटं होऊन कडक झालं होतं, ते पॉलिश पेपरनं घासून गोल केलं.

बारीक काम होतं ते पिन धरणाऱ्या आर्मच्या खिळीचं. तिथलं ग्रीस वाळून लाखेसारखं झालं होतं. आर्म तव्यावर आतल्या बाजूला सरकायला हवा, तो जागोजागी अडत होता. पेट्रोलात कापूस बुडवून सगळं काढलं, घड्याळाच्या तेलाचा एक थेंब सोडला. मग फुंकर मारली तरी आर्म हलायला लागला. तवा साबणाच्या पाण्यानं धुतला. तोवर चार वाजले. आजी स्टुलावर बसून होत्या. नातू चहा घेऊन आला तो त्यांनी तसाच ठेवला.

पहिल्यांदा लावलं तर दोन ओळींतच त्या म्हणाल्या, "आवाज जड येऊन राहिला." बरोबर होतं, वेग कमी होता. माझ्या कानाला ते कळलंच नव्हतं. मोटरला तेल दिलं, पुन्हा लावलं.

आता आवाज उघडा लागला. अरुण दात्यांचा तो संथ, न ओरडता भरून राहणारा आवाज. बाहेर बाजार उठायच्या बेतात होता, माणसं पाहत पाहत जात होती. मुखडा झाला आणि बाईचं कडवं सुरू झालं. मनातलं शब्दांत कसं सांगू, असं ती म्हणते ते कडवं. आजींचा उजवा हात स्टुलावरून उठला. काहीतरी चिमटीत अलगद उचलून जरा पुढं ठेवावं, अशी बोटं झाली. गाणं मात्र न थांबता पुढं गेलं आणि हात तसाच हवेत राहिला.

मी घाबरून विचारलं, "आजी, काही होते का?"

"इथं अडकते ना तवा," त्या म्हणाल्या. "हरवेळी इथंच. गुरुजी उठत अन् पिन पुढं ठेवत. नंतर त्यांचे गुडघे गेले तं मी उठो."

रेडिओवर त्यांनी हे गाणं पूर्ण ऐकलं होतं, ओळ त्यांना ठाऊक होती. पण त्यांच्या घरातल्या गाण्यात ती नव्हती. चाळीसेक वर्षं नव्हती.

मी भिंगातून तवा पाहिला. त्या जागी एक हलका ओरखडा होता, एवढ्यावर गाणं अडायला नको. आर्म मोकळा असता तर पिन तो सहज ओलांडून गेली असती, आता गेली तशी. दोष तव्यात नव्हताच. मला काम जमल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या घरातली एखादी वस्तू न विचारता फेकून दिल्यासारखं वाटत होतं.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

लावलं. त्याच जागी हात पुन्हा उठला. या वेळी त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून मांडीवर ठेवला आणि ओळ पूर्ण ऐकली.

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, हे तेल तेव्हाच टाकलं असतं तं तेव्हाच वाजलं असतं का?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. जमलं नाही. "हो आजी," म्हणालो.

"ते म्हणत, तवाच खराब आहे. दुसरा आणू. आणू आणू म्हणत राहून गेलं."

रुमालाची गाठ सोडून त्यांनी पैसे मोजून दिले. गोधडी पसरली, पेटी मधोमध ठेवली, चारही कोपरे वर घेऊन बांधले. नातू हात पुढं करून उभा होता. या वेळी पेटी त्यांनी त्याच्याकडे दिली आणि तवा तेवढा पदराखाली छातीशी धरून स्टँडकडे निघाल्या.