पोहता येतं रे, पण कुठे?

पाऊस लागला की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर देवकुंड, कोंडेश्वर, पांडवकडा अशा धबधब्यांचे रील्स पडायला लागतात आणि कुणी जरा जपून म्हटलं की उत्तर तयारच असतं, अरे मला पोहता येतं. येतं ना भावा, पण दादरच्या तरणतलावात, जिथे तळाच्या टाइल्स दिसतात आणि चार हात मारले की काठ येतो.

धबधब्याच्या खाली पांढरं फेसाळ पाणी दिसतं त्यात हवा भरलेली असते, ते अंगाला नीट उचलतच नाही, हात मारले तरी पकड मिळत नाही. वरून पडणारं पाणी तळाशी जातं, थोडं पुढे वर येतं आणि त्यातलं बरंचसं परत धारेकडेच फिरतं. म्हणजे तुम्ही काठाकडे जोर लावताय आणि पाणी मागे खेचतंय, दमणार कोण ते सांगायला नको. त्यातून सुटायचं तर समोर नाही, बाजूला सरकायचं.

आणि काठ तरी कसला. उन्हाळ्यात निघोजला जाऊन कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघा, दगडगोटे पाण्यात गरगर फिरून काळ्या कातळात अक्षरशः रांजण कोरलेत. आतली भिंत इतकी गुळगुळीत की बोट अडकायला खाच नाही. आपल्याकडच्या कुंडांचा कातळही हाच, वर शेवाळ वेगळं.

बरं पोहायलाच उतरलं पाहिजे असंही नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण गेले, ते नुसते प्रवाहात उभे होते, वरून लोंढा आला. आपल्या डोक्यावर थेंब नसतो आणि वर डोंगरात धो धो चालू असतं. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला यायला लागला, आवाज वाढला की सेल्फी बिल्फी सोडून बाहेर. पण खरं सांगू, तेवढाही वेळ मिळेलच असं नाही.

मी आता ऐन पावसात कुंडात उतरतच नाही, पाऊस ओसरल्यावर जातो, गावातल्या माणसाला विचारतो, लाइफ जॅकेट घालतो (हसतात लोक, हसू देत). बंदीचा बोर्ड असला की मागची वाट शोधणारे हिरो आमच्यातही आहेत, त्यांच्यासोबत जात नाही.

कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी टाकू नका, एकाचे दोन होतात. दोरी, ओढणी, झाकण लावलेला रिकामा कॅन, हाताला लागेल ते फेका आणि व्हिडिओ काढणाऱ्याला सांगा, बाबा आधी ११२ लाव, रेंज असेल तर.